सासूबाईंच्या खोलीचं शटर

सोमवारी सकाळी एमरिसने सासूबाईंच्या खोलीतल्या खिडकीचं शटर वर करायला भिंतीतला पट्टा ओढला, आणि पट्टा त्याच्या हातात आला. अर्ध्यावर चढलेलं शटर क्षणभर तिथेच विचार करत राहिलं, आणि मग असं धाडकन खाली आदळलं, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि तळमजल्यावरचा कुत्रा दुपारपर्यंत भुंकत राहिला.

खोलीत मिट्ट काळोख झाला. त्यात हातभर पट्टा धरून एमरिस उभा होता. "असू दे," तो स्वतःशी म्हणाला, "आज तर सोमवार. शनिवारपर्यंत ढीगभर वेळ आहे." हे वाक्य परीक्षेच्या आधी मुलं म्हणतात तेव्हा तो त्यांना फार गोड शब्दांत समजावून सांगत असे, की बाळांनो, असं म्हणू नये. शिकवण्याच्या नादात स्वतः शिकायचं काही वेळा राहून जातं.

शनिवारी सासूबाई यायच्या होत्या. दोन्या ब्रिहिदा (दोन्या म्हणजे तिकडच्या 'बाईसाहेब'), वय अठ्ठ्याऐंशी, स्पेनच्या डोंगरातल्या एका गावात एकट्या राहणाऱ्या. मागच्या आठवड्यात त्या घरातल्या जिन्यावरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. फोन आल्याबरोबर त्यांची एकुलती एक मुलगी नीवेस, म्हणजे एमरिसची बायको, हाताला लागतील ते कपडे बॅगेत कोंबून पहिल्या बसने गावी धावली. आता आईने कायमचं हाएन शहरात आपल्याकडे यावं, असं तिचं म्हणणं. म्हातारी ऐकेना. शेवटी तिने एवढं कबूल केलं, की शनिवारी येते, खोली बघते, आवडली तर राहते. नाही तर रविवारच्या बसने परत. परत म्हणजे पुन्हा तोच जिना. आणि पुढच्या खेपेला नुसत्या मनगटावर भागणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं; म्हातारीलाही.

सासूबाईंची अट एकच होती. खोलीला रस्त्यावरची खिडकी पाहिजे. "आल्याबरोबर मी पहिली खिडकी बघणार," त्यांनी बजावलं होतं, "पलंगबिलंग नंतर."

आणि आता त्या खिडकीवर शटर पडलं होतं.

एमरिस मूळचा वेल्सचा. तिथे ऊन शिधापत्रिकेवर मिळाल्यासारखं मिळतं. त्यामुळे बावीस वर्षांपूर्वी हाएनला संसार मांडला तेव्हापासून त्याने एकही खिडकी दिवसा बंद केली नव्हती. जुलैत सकाळचे अकरा वाजले, की अख्खं शहर शटरं खाली ओढतं आणि माठातल्या पाण्यासारखं गार अंधारात बसतं. एमरिसची खिडकी तेवढी सताड उघडी. "इंग्रज भाजतोय," असं शेजारी एकमेकांना सांगत. आपण इंग्रज नव्हे, वेल्श आहोत, हे त्याने प्रत्येकाला निदान दहा वेळा समजावलं होतं. लोक शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हां, हां. म्हणजे बाजूचा इंग्रज."

त्या गल्लीत शटर हे पेपरसारखं वाचलं जातं. शटर वर, म्हणजे माणूस उठला. अर्ध्यावर, म्हणजे डोकं दुखतंय. एखाद्या म्हाताऱ्या बाईचं शटर दहापर्यंत हललं नाही, तर कुणीतरी जाऊन बेल वाजवतं. आणि रस्त्यावरचं शटर सकाळीही बंद, संध्याकाळीही बंद, म्हणजे त्या घरातलं कुणीतरी गेलं.

एमरिसला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आपलं शटरसुद्धा कुणी वाचत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. समोरच्या दारातल्या एन्कार्नाबाई उभ्या होत्या. वय सत्तरीचं, विधवा; अठ्ठावन्न वर्षांच्या एमरिसला त्या पहिल्या दिवसापासून 'बाळा' म्हणत.

"शटर बंद दिसलं, बाळा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुझं! म्हटलं, काहीतरी झालंय."

"काल सकाळी," एमरिस म्हणाला. "काय सांगू? एकदम."

एन्कार्नाबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. नीवेस होती. "पटकन बोल, इथे डोक्यावर ऊन आहे," ती ओरडली. "आईची खोली तयार आहे ना?"

"तयार आहे," एमरिस काळोख्या खोलीकडे बघत म्हणाला.

"खिडकी?"

"खिडकी आहे की."

पुढे काही बोलणार, तोच फोन कापला गेला. एन्कार्नाबाईंनी हळूच विचारलं, "नीवेस ना? कुठून बोलतेय बिचारी?"

"कब्रस्तानातून," एमरिस म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. सासूबाईंच्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या कब्रस्तानाच्या भिंतीपाशी. 'जरा कब्रस्तानात जाऊन फोन करून येते' हे वाक्य त्या घरात इतकी वर्षं इतक्या सहज म्हटलं जात होतं, की ते बाहेरच्या कानाला कसं लागेल, हा विचारच कुणी केला नव्हता. एन्कार्नाबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली, आपल्या घरात गेल्या, आणि थोड्या वेळाने मोठी ताटली भरून क्रोकेटा, म्हणजे तळलेले छोटे कटलेट, घेऊन आल्या. गरम, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. "काहीतरी खाऊन घे," त्या म्हणाल्या. "अशा वेळी स्वयंपाक कुठे सुचतो माणसाला?"

एमरिसला भरून आलं. एका तुटक्या पट्ट्यासाठी एवढी माया! वेल्समध्ये शटर पडलं असतं तर... पण वेल्समध्ये मुळात शटरंच नसतात, तेव्हा तुलना सोडून द्यावी लागली. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरून बटाट्याचं आमलेट आलं, पाचव्यावरून डाळ आली, तळमजल्यावरून कुत्र्याच्या मालकिणीने गार सूप पाठवलं. लिफ्टमध्ये लोक त्याला पाहून आवाज खाली आणत. पाववालीने पाव देताना त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बावीस वर्षांत त्या हातांनी त्याला सुट्ट्या पैशांवरून फक्त बोलणी खायला घातली होती.

शटर मात्र होतं तिथेच.

दुरुस्तीवाल्याला त्याने फोन लावला.

"शटर? जुलै चालू आहे, साहेब."

"माहीत आहे मला."

"मग झालं तर. ऑगस्टात आम्ही समुद्रावर. सप्टेंबरात करून टाकू."

"मला शनिवारच्या आत पाहिजे."

"कुठल्या शनिवारच्या?" पलीकडच्या माणसाने खऱ्या कुतूहलाने विचारलं, आणि फोन ठेवला.

तेव्हा एमरिसने ठरवलं, की आपणच करायचं. शिकलेला माणूस, मुलांना व्याकरण समजावणारा माणूस. एक पट्टा बदलण्यात असं काय आहे? तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, "अरुंद की रुंद?" तुटका पट्टा एमरिस घरीच विसरला होता. पण अडचण आली नाही, कारण दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि चौघांच्याही घरी शटरं होती. एक म्हणाला रुंद घ्या, टिकतो. दुसऱ्याने सांगितलं, पट्टा सोडा, सगळं शटर बदला. तिसरे आजोबा म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याने स्वतः पट्टा बदलला होता, आणि मग बराच वेळ गप्प राहिले. मेव्हण्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं एमरिसला धाडस झालं नाही. त्याने रुंद घेतला. घरी भिंतीतल्या फटीत तो शिरेना. परत गेला. अरुंद आणला. तो शिरला.

पट्ट्याचं दुसरं टोक भिंतीतल्या एका चकतीवर गुंडाळलेलं असतं, आणि त्या चकतीत असते स्प्रिंग. ती चकती उघडताना एका हाताने घट्ट धरून ठेवावी लागते. ही सूचना चकतीवर स्पष्ट छापलेली होती, पण आतल्या बाजूला. एमरिसने स्क्रू काढला. चकती भिंतीतून सुटली, अंगात आल्यासारखी खोलीभर फिरली, दिव्याला थापड मारून गेली आणि शेवटी समोरच्या भिंतीवर जाऊन थांबली. तिथे दोन्या ब्रिहिदांचा मोठा फोटो लावला होता. आल्यावर आपला फोटो पाहून त्यांना बरं वाटावं म्हणून नीवेसने मुद्दाम. काच फुटली, फ्रेमचे दोन तुकडे झाले, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्या फोटोतून त्याच्याकडे नेहमीसारख्याच बघत होत्या, म्हणजे इतकी वर्षं लोटली तरी हा कोण, अशा नजरेने.

त्याने फोटो छातीशी धरला आणि खाली निघाला. लिफ्टमध्ये एन्कार्नाबाई.

"फ्रेम करायला नेतोय," एमरिस थकून म्हणाला. "शनिवारच्या आत भिंतीवर लागायला हवा."

एन्कार्नाबाईंनी फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि तळमजला येईपर्यंत त्या रुमालात रडत होत्या. 'बायका हळव्या असतात,' एमरिसला वाटलं. 'नुसत्या काचेसाठी!'

पट्ट्याचं वरचं टोक खिडकीच्या डोक्यावरच्या पेटीत बांधायचं होतं. पेटी आतून गंजली होती; म्हणून तो शेजारच्या खोलीच्या खिडकीत स्टुलावर चढून, अर्धा बाहेर झुकून, बाहेरून पेचकस लावायला लागला. खालून हाक आली, "सेन्योर एमरिस! एक मिनिट!"

सेन्योर सातुर्निनो वर आले. हे इमारतीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून जिन्यातला प्रत्येक दिवा त्यांच्या परवानगीने लागतो. आधी त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "जे झालं त्याबद्दल सगळ्या रहिवाशांच्या वतीने... शब्द अपुरे पडतात."

"आभारी आहे," एमरिस म्हणाला. एवढा सन्मान त्याच्या शटराला मिळेल, ही त्याची अपेक्षा नव्हती.

"पण नियम सांगायलाच हवा. शटरची आतली बाजू तुमची. बाहेरची बाजू इमारतीची. बाहेरून पेचकस लावायचा, तर रहिवाशांची सभा घ्यावी लागते. आणि निम्मे रहिवासी समुद्रावर आहेत."

"म्हणजे आतून माझं शटर तुटलंय आणि बाहेरून तुमचं शाबूत आहे?"

"कायद्याच्या दृष्टीने, हो." सातुर्निनोंचा आवाज मऊ झाला. "पण घाई कशाला करता? राहू दे बंद. नऊ दिवस, महिनाभर, तुम्हाला वाटेल तितके दिवस. या परिस्थितीत कुणी काही म्हणणार नाही."

"महिनाभर? अहो, शनिवारी नीवेस येतेय. आईला घेऊन."

सातुर्निनोंनी पुन्हा घातलेली टोपी पुन्हा काढली. "इथे आणणार?"

"इथेच. ही खोली त्यांच्यासाठीच तर तयार केलीय."

"पण... वर कसं आणणार? लिफ्टमध्ये मावणार नाही."

"मावतील की! एवढ्याशा आहेत त्या," एमरिस म्हणाला. "नाहीच जमलं, तर खुर्चीत बसवून जिन्याने आणू."

सातुर्निनो भिंतीला धरत धरत निघून गेले. एमरिसला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

गुरुवारी त्याची शिकवणी होती. तो एका छोट्या क्लासमध्ये मुलांना इंग्रजी शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-नऊ मुलं येतात, आईबापांच्या इच्छेने. हे काम त्याला मनापासून आवडतं. चुकणाऱ्या मुलाकडे बघून तो कधीही कपाळाला आठी घालत नाही. थांबतो, पुन्हा सांगतो, पुन्हा थांबतो. पण गडबड मात्र इतकी असते, की भूतकाळ शिकवताना त्याला स्वतःचा वर्तमानकाळ ऐकू येत नाही.

त्या दिवशी तो वर्गात शिरला आणि घाबरला. पूर्ण शांतता. वह्या उघडलेल्या, पेन्सिली टोकदार. खिडकीतला पंखा ऐकू येत होता. प्रश्न विचारला की एकच हात वर, तोही हळू. आठवड्यात पहिल्यांदाच एमरिसची मान ताठ झाली. नऊ वर्षं दाखवलेल्या धीराचं फळ! वेळ लागतो, पण रुजतं शेवटी.

"आता भूतकाळातलं एक वाक्य," तो प्रेमाने म्हणाला. "या आठवड्यात घडलेलं. हिमेना, तू सांग."

हिमेना उभी राहिली. ही एरवी बाकाखालीच जास्त असे. तिने ओठ चावला, शेजारणीकडे बघितलं, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "आमच्या सरांची सासू वारली."

वाक्य बिनचूक होतं. एमरिस सवयीने "शाबास!" म्हणून बसला.

मग त्याने खुर्ची ओढली. "कुणाची सासू?"

"तुमची, सर," मुलं एका सुरात म्हणाली. मागच्या बाकावरून पुस्ती आली, "माझ्या आईने डाळ दिली होती की! डबा परत मागितलाय. पण घाई नाही म्हणाली."

क्रोकेटा, डाळ, आमलेट, पाववालीचे हात, सातुर्निनोंची टोपी, हे सगळं एमरिसच्या डोळ्यांसमोरून ओळीने गेलं. खुर्चीत बसवून जिन्याने आणू, हे आपलेच शब्द आठवून त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मुलांना वाटलं सर रडतायत. हिमेनाने त्याला आपल्या डब्यातलं अर्धं बिस्किट दिलं.

एखादी चूक दुरुस्त करण्यासाठी ती चूक आहे हे समोरच्याला मान्य करावं लागतं. वर्गात हे सोपं असतं. त्या संध्याकाळी एमरिसने एन्कार्नाबाईंची बेल वाजवली आणि सरळ सांगितलं, "बाई, गैरसमज झालाय. माझ्या सासूबाई जिवंत आहेत."

एन्कार्नाबाईंनी काळा पोशाख घातला होता. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला. "हो रे बाळा. आपल्या मनात त्या कायम जिवंतच असतात."

"तसं नाही! खरोखर जिवंत आहेत. मनगट मोडलंय, बस्स."

"मग शटर का बंद?"

"पट्टा तुटलाय!"

"सोमवारपासून तुटलाय? इतके दिवस कुणाचा पट्टा तुटलेला असतो का, बाळा?"

"नीवेस कब्रस्तानातून बोलली नाही का?" त्यांनी विचारलं. "तिथे रेंज असते," एमरिस म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं, की हे वाक्य जगात कुणालाही पटणार नाही. एन्कार्नाबाई आत वळून कुणाला तरी म्हणाल्या, "अजून मान्य करत नाहीये तो. वेळ द्यायला हवा."

पाववालीने ऐकून घेतलं आणि एक पाव जास्त दिला. सातुर्निनोंनी सगळं ऐकल्यावर म्हटलं, "परदेशी माणसं दुःख वेगळ्या पद्धतीने करतात, मी वाचलंय." शुक्रवारी दिवसभर त्याने नीवेसला फोन लावला. पण ती कब्रस्तानात जाईल तेव्हाच लागणार, आणि त्या दिवशी ती आईची भांडीकुंडी बांधण्यात गुंतली होती. संध्याकाळी एमरिस अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसला आणि गार क्रोकेटा खाऊ लागला. त्याला लोकांना पटवायचा कंटाळा आला होता. शटरचा कंटाळा आला होता. उद्या म्हातारी खिडकी बघेल, बंद शटर बघेल, आणि पर्स उचलून परत निघेल. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फोन येईल, आणि तेव्हा हे सगळे लोक काळे कपडे घालतील ते खऱ्या कारणासाठी असतील. हे मनात आलं आणि त्याने क्रोकेटाची ताटली बाजूला सरकवली.

शनिवारी सकाळी त्याने नियम, सभा आणि पेचकस तिन्ही बाजूला ठेवले. शटर खालून दोन्ही हातांनी धरलं आणि कमरेतून आवाज येईपर्यंत वर ढकललं. खाली झाडूचा दांडा लावला. दांडा थोडा आखूड पडला. त्याखाली त्याने आपला जाडजूड शब्दकोश ठेवला. शटर थांबलं. खोलीत इतकं ऊन आलं, की नव्या फ्रेममध्ये परत लागलेल्या फोटोतल्या सासूबाईंचेसुद्धा डोळे दिपले असतील. एमरिस दोन पावलं मागे सरला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

मग तो खाली गेला आणि त्याचं हसू मावळलं. इमारतीच्या दाराच्या काचेवर काळ्या चौकटीची सूचना चिकटवलेली होती. 'दोन्या ब्रिहिदा, वय ९१. शोकाकुल: कन्या नीवेस आणि जावई इंग्रज. त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी आज संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना. सर्वांनी यावे.' सातुर्निनोंनी गोंद भरपूर लावला होता. एमरिस नखांनी खरवडत असतानाच मागे टॅक्सी थांबली. बस वेळेआधी आली होती; त्या मार्गावरची बस वेळेआधी आल्याचं त्यानंतरही कधी कुणी ऐकलेलं नाही.

टॅक्सीतून आधी काठी उतरली, मग प्लास्टरमधला हात, मग दोन्या ब्रिहिदा. मागे बॅगा घेऊन नीवेस. एमरिस सूचनेला पाठ लावून उभा राहिला.

"हा असा पालीसारखा का चिकटलाय?" सासूबाईंनी मुलीला विचारलं.

"आई, तुझं स्वागत करतोय तो."

"आत्ता जायला दे म्हणावं. सरक रे."

"दुसऱ्या दाराने जाऊ या," एमरिस म्हणाला.

"दुसरं दार कुठंय?" नीवेस म्हणाली. दुसरं दार नव्हतं. काठीचं टोक एमरिसच्या बरगडीला लागलं आणि तो सरकला.

सासूबाईंनी चष्मा लावला. सावकाश, ओठ हलवत, सगळं वाचलं. नीवेसने तोंडावर हात घेतला. एमरिसने डोळे मिटले. खोली, खिडकी, आठवडा, सगळं संपलं.

"एक्याण्णव?" दोन्या ब्रिहिदा कडाडल्या. "कुणी लिहिलं हे? अठ्ठ्याऐंशी चालू आहे मला! मेले तर मेले, पण तीन वर्षं कुणाची लावलीत माझ्या नावावर?" काठी काचेवर आपटली. "आणि जावई इंग्रज कुठला? वेल्सचा आहे तो. तेवढं तरी विचारून लिहावं माणसाने."

बावीस वर्षांत हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून एमरिस पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने लिफ्टचं बटण दाबलं. सासूबाई लिफ्टमध्ये सहज मावल्या.

लिफ्टमध्ये त्याने सगळं सांगून टाकलं. पट्टा, कब्रस्तान, क्रोकेटा, फोटो, हिमेना. नीवेस हसावं की रडावं या विचारात होती. सासूबाई सरळ खोलीत गेल्या. पलंगाकडे बघितलं नाही, फोटोकडे बघितलं नाही. उन्हाने भरलेल्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"खिडकी," एमरिस अभिमानाने म्हणाला. "रस्त्यावरची. उजेड बघा किती."

"ते दिसतंय. पण उघडी कुणी टाकली? जुलैत, भर उन्हात? अख्ख्या गल्लीने मला बघायचं का? मला गल्ली बघायचीय! शटर खाली घे. पूर्ण नको, पट्ट्यांमधून फट राहील एवढं."

एमरिसने झाडूकडे बघितलं, शब्दकोशाकडे बघितलं. आठवडाभराची मेहनत आणि सकाळची कंबर त्याला आठवली. मग त्याने शब्दकोश ओढला. शटर धाडकन खाली आलं, कबुतरं उडाली, कुत्रा भुंकला; आणि ते एका बाजूला अडकून तिरकं थांबलं, पट्ट्यांमध्ये बोट-बोट फट ठेवून. खोलीत गार, पट्ट्यापट्ट्यांचा अंधार पसरला.

"आता खरी खोली झाली," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची सरकव इकडे. आणि ते क्रोकेटा म्हणतोस ते आण."

दुपारची झोप झाल्यावर त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. चर्च गल्लीच्या टोकाला होतं. संध्याकाळी घंटा वाजली आणि लोक निघाले. सातुर्निनो, कोट-टोपी घालून, अडतीस अंश उन्हात. पाववाली दुकान बंद करून. कुत्र्याची मालकीण, कुत्र्यासकट. शिकवणीतली मुलं आईबापांचे हात धरून, केस पाणी लावून विंचरलेले. एमरिस फटीतून एकेकाचं नाव सांगत होता.

"आई, मी खाली जाऊन सांगते त्यांना," नीवेस चौथ्यांदा म्हणाली. "काय चाललंय हे!"

"बस खाली. मिस्सा होऊ दे. लोक तयार होऊन निघालेत." म्हातारीने डोळा फटीला लावला. मग हळू आवाजात म्हणाली, "गावात माझ्या मिस्सेला कोण येणार होतं? पाद्री आणि पोस्टमन. बाकीचे सगळे आधीच टेकडीवर जाऊन बसलेत. आणि इथे बघ. एकानेही मला पाहिलेलं नाही."

सगळ्यात शेवटी एन्कार्नाबाई आल्या, काळ्या पोशाखात, धापा टाकत, हातात फुलं. खिडकीखाली थांबल्या, बंद शटरकडे मान वर करून बघितलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"ही कोण?"

"एन्कार्नाबाई. क्रोकेटा त्यांचेच."

"मिस्सा झाली की वर बोलाव तिला. पण आधी काही सांगू नकोस, घाबरेल. पाणी तयार ठेव. आणि उद्या जेवायलाच ये म्हणावं."

एमरिसने घसा साफ केला. "उद्या... उद्या तुमची बस आहे ना?"

"कसली बस?" दोन्या ब्रिहिदा फटीतून नजर न काढता म्हणाल्या. "जरा बाजूला सरक, तो टोपीवाला परत मागे का फिरला ते दिसत नाहीये मला."